पोट नसलेला कॉम्प्युटर

आमच्या घरी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी फक्त एवढंच म्हणाले होते की पडदा मोठा हवा. पुढे जे काही घडलं त्यात माझा दोष नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. नवऱ्याचं मत वेगळं आहे, सासऱ्यांचं तिसरंच आहे, आणि समोरच्या दारातल्या भूमितीच्या बाईंकडे तर आकृतीसह सिद्धता तयार आहे.

मी घरी बसून पुस्तकांची पानं लावते. लेखक मजकूर देतात, छायाचित्रकार फोटो देतात, आणि या दोघांना एका पानावर न भांडता नांदवायचं काम माझं. त्यासाठी मोठा पडदा लागतो. जुन्या कॉम्प्युटरचा पडदा होता पाटीएवढा आणि त्याचं धूड होतं टेबलाखाली. धूड म्हणजे ट्रंकेएवढा लोखंडी डबा. थंडीत त्यावर पाय शेकता यायचे, आणि सुरू होताना तो असा घरघरायचा की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारायचं, "पाणी चढवताय का?"

या डब्यावर माझ्या सासऱ्यांचा फार जीव. बाबांनी जन्मभर टीव्ही दुरुस्त केले. तेही कसले, तर पुढून चित्र आणि मागून कारखाना, असले. घरात आला की निम्मी खोली अडवायचा आणि बिघडला की चौघांनी उचलून दुकानात न्यायचा. तसले टीव्ही गेले, त्यांच्या मागोमाग दुकान गेलं, आणि बाबांच्या हाताखाली उरला तो माझा डबा. दर रविवारी चहा झाला की ते त्याचे स्क्रू काढायचे, झाकण बाजूला ठेवायचे आणि रंगाच्या ब्रशनं आतली धूळ इतक्या हळुवारपणे झाडायचे, की माझा नवरा लहान असताना त्याचे केस तरी त्यांनी एवढ्या प्रेमानं विंचरले असतील का, असा प्रश्न पडावा. मी नवऱ्याला विचारलं. तो नाही म्हणाला.

तो डबा एका दुपारी जळका वास सोडून गप्प झाला. बाबांनी त्याला उघडलं, हुंगलं, आतलं काय काय बदलून पाहिलं. शेवटी चष्मा पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "सूनबाई, गेला." त्यांचा चेहरा बघून मला आधी गॅस बंद करावा लागला.

आता नवा घेणं आलं. माझा नवरा बस डेपोत वेळापत्रकं आखतो. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचे सगळे फाटे तपासल्याशिवाय त्याला घराबाहेर पडता येत नाही. साधी छत्री घ्यायची तरी तो जगभरच्या भिजलेल्या लोकांची मतं वाचून काढतो. त्याच सुमारास एका कंपनीनं आपला सगळं एकातच असलेला कॉम्प्युटर नव्यानं घडवून बाजारात आणला होता. म्हणजे वेगळा डबा नाही, जे काय आहे ते पडद्याच्या पाठीत. आणि या खेपेला ती पाठही अशी रोडावली होती, की जाहिरातीत बाजूनं काढलेल्या फोटोत कॉम्प्युटर शोधावा लागत होता. एवढ्या एका गोष्टीवरून जगात दोन तट पडले होते, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही तटांचं जाहीर वाचन चालायचं.

"हा म्हणतो, पहिल्यांदा बघितला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं," नवरा वाचायचा.

"आणि विरुद्ध पक्ष?"

"त्याच्याही डोळ्यांत आलं. पण मागची वायरी जोडायची भोकं शोधताना."

कुणाला त्यात शिल्प दिसत होतं, कुणाला लबाडी. एकानं कळवळून विचारलं होतं, की बारीक केलात ते ठीक, पण सीडी घालायची फट कुठे गेली? त्यावर दुसऱ्यानं थंडपणे उत्तर दिलं होतं, "फट गेली म्हणूनच बारीक झाला, दादा." नवरा दोन्ही बाजूंना सारखाच मान डोलवायचा. न्यायाधीश व्हायचा हा माणूस बसच्या वेळा आखण्यात वाया गेला.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं, आणि एके दिवशी हातातला घास ताटात ठेवला.

"मला एक सांगा. जी वस्तू दिवसभर टेबलापाशी बसून राहणार, तिला बारीक होऊन जायचंय कुठं?"

वाक्य कॉम्प्युटरबद्दलच होतं. पण दिवसभर टेबलापाशी बसून राहणारी घरात आणखीही एक व्यक्ती आहे, आणि ती त्या क्षणी दुसऱ्यांदा भात वाढून घेत होती. मी वाढलेला भात परत ठेवला नाही. माणसाला काही तत्त्वं असावीत.

"आणि याचं पोट कुठाय?" बाबांनी फोनवरचा फोटो जवळ घेतला, लांब धरला. "पोट नसलेल्या यंत्रावर विश्वास ठेवू नये. बिघडलं तर हात कुठं घालायचा?"

मला मात्र तो मनापासून आवडला होता. एका मोठ्या रोपवाटिकेचं सूचिपत्र माझ्याकडे आलं होतं, शेकडो फुलझाडांचं, आणि त्याची तारीख ठरलेली होती. समोरासमोरची दोन पानं अख्खी दिसतील असा पडदा त्या बारीक कॉम्प्युटरलाच होता. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मी मनाचं केलं.

खोकं आलं ते एका बाजूनं निमुळतं, उतरत्या छपराच्या घरासारखं. आणणारा माणूस ते लिफ्टच्या दाराशी टेकवून निघून गेला. मी आणि बाबा ते न्यायला खाली आलो, तर तिथे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी उभे होते. सेक्रेटरी मनानं वाईट नाहीत. पण लिफ्टमध्ये 'जड यंत्रसामग्री नेण्यास सक्त मनाई' अशी पाटी त्यांनी स्वतः लावलेली आहे, आणि ती लावल्यापासून कुणीच जड यंत्रसामग्री आणली नव्हती. बिचारे वाट बघत होते.

"यंत्र आहे?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर आहे."

"म्हणजे यंत्रच. जड आहे?"

"पातळ आहे."

"पातळ वेगळं आणि हलकं वेगळं," सेक्रेटरी म्हणाले. मलाच हे वाक्य उलट्या बाजूनं लोकांना सांगायची अनेकदा इच्छा झालेली आहे.

वजन केल्याशिवाय खोकं लिफ्टमध्ये जाणार नाही, असं ठरलं. बाबा वर जाऊन आमचा वजनकाटा घेऊन आले. खोकं त्यावर ठेवलं तर आकडाच झाकला जाई. तेवढ्यात भूमितीच्या बाई भाजी घेऊन आल्या. बाईंनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, आणि अजूनही कुठे अडलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "आधी हिला एकटीला उभी करा. मग खोकं घेऊन उभी करा. वजाबाकी करा."

माझ्या हातात खोकं, मागे भिंत, पुढे सेक्रेटरी. पळायला वाट नव्हती. मी काट्यावर उभी राहिले. सेक्रेटरींनी खाली वाकून आकडा वाचला, आणि नोंद पारदर्शक असावी म्हणून मोठ्यानं वाचला. तळमजल्यावरच्या दोन दारांच्या फटी रुंदावल्या. तो आकडा मी इथे देणार नाही. मग खोक्यासकट वजन झालं, वजाबाकी झाली, सेक्रेटरींनी एकदा काट्याकडे, एकदा लिफ्टकडे पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले,

"ठीक आहे. खोकं जाऊ द्या. तुम्ही जिन्यानं या."

"काटा बिघडलाय," बाबा ताडकन म्हणाले. "स्प्रिंग गेलीय त्याची. मला बघूनच कळतं."

काटा नवा होता, आणि उत्तम होता. यंत्राच्या बाबतीत बाबांनी खोटं बोललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जिना चढताना माझा सगळा राग पहिल्याच मजल्यावर उतरला.

टेबलावर मांडला तेव्हा मात्र तो असा काही दिसला की सगळे एक पाऊल मागे सरले. मग जे बोलू लागले ते थांबेनात. शेजारीपाजारी बघून गेले. कुणी म्हणालं आरसा लावल्यासारखा वाटतो, कुणी म्हणालं एवढ्याशा पायावर उभा आहे, पंखा लावलात तर उडेल. भूमितीच्या बाई पट्टी आणि गुण्या घेऊन आल्या. त्यांनी कड मोजली, मग मागे जाऊन मध्यभाग मोजला, आणि विजयी मुद्रेनं पट्टी हवेत धरली.

"कडेला पातळ आहे. मधे फुगवटा आहे! जाहिरातीत कडेचा फोटो देतात आणि मधला भाग लपवतात. पेपरात असं कुणी लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं."

"पोट आहे?" बाबा खुर्चीतून उठलेच. त्यांनी त्या फुगवट्यावरून तळवा फिरवला, एखाद्या जनावराची पाठ चाचपावी तसा. मग बोटं कडेकडेनं फिरू लागली. बराच वेळ फिरली. शेवटी ते परत खुर्चीत बसले.

"स्क्रू नाही," ते म्हणाले. "एकही नाही."

"मग बंद कसा केलाय?" नवऱ्यानं विचारलं.

"चिकटवलाय. आत बसून दाराला विटा रचून घ्याव्यात, तसा."

पुढच्या रविवारी चहा झाला आणि बाबा सवयीनं ब्रश घेऊन माझ्या टेबलापाशी आले. आले आणि उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, काचेवर धूळ बसलीय बघा जरा." त्यांनी फडक्यानं काच पुसली. एवढी मोठी काच, पण पुसून व्हायला कितीसा वेळ लागणार? "झालं?" असं ते स्वतःलाच म्हणाले आणि ब्रश खिशात घालून गॅलरीत जाऊन बसले.

माझेही हाल कमी नव्हते. सगळी भोकं मागच्या बाजूला. काही जोडायचं म्हणजे दोन्ही हातांनी त्याला कवेत घ्यायचं, गाल काचेला टेकवायचा आणि बोटांनी अंधारात चाचपडायचं. एकदा मी अशी मिठी मारून उभी असताना नवरा खोलीत आला, थबकला, आणि म्हणाला, "मी नंतर येऊ का?"

जुनी कामं सीडीवर होती, म्हणून सीडीसाठी वेगळी डबी आली. भोकं पुरेनात म्हणून भोकांची वेगळी पट्टी आली. कॅमेऱ्याच्या कार्डासाठी तिसरं काहीतरी आलं. उंची कमी पडत होती आणि ती वाढवायची सोय नव्हती, म्हणून खाली जाडजूड शब्दकोश आले. वायरींचा असा गुंतवळ झाला की मला पेन शोधताना हात घालायची भीती वाटे. नवऱ्यानं एक दिवस टेबलाकडे पाहत निकाल दिला, "जुना डबा टेबलाखाली होता. तोच आता सुटा करून टेबलावर मांडलाय."

पण रंग! पिवळ्याच्या सतरा छटा सतरा दिसत होत्या. बाबा एकदा मागून वाकून बघत राहिले आणि अगदी नाइलाजानं म्हणाले, "पिवळा पिवळाच दाखवतोय मेला."

आणि मग त्या मेल्याच्या वरच्या कोपऱ्यात एक करडी सावली आली.

आधी वाटलं डाग आहे. पुसला, गेला नाही. सावली काचेच्या आत होती आणि रोज थोडी पसरत होती. त्या कोपऱ्यात येईल ते फूल मळकं दिसायचं. मी हुशारी करून त्या कोपऱ्यातली फुलं जरा उजळ करत गेले. नमुन्याची पानं रोपवाटिकेच्या मालकांकडे गेली, आणि त्यांचा फोन आला.

"बाई, आमची जांभळी फुलं पानाच्या वरच्या कोपऱ्यात गेली की पांढरीफटक का पडतात? घाबरतात का?"

म्हणजे यंत्राचा डोळा बिघडलेला आणि शिक्षा फुलांना. मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक माणूस मिळाला.

"मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघा."

"बघितलं."

"मग आता चालू असताना बंद करून, थोडं थांबून, परत चालू करून बघा."

"अहो, तेच तर केलं."

"ठीक आहे मॅडम, सेंटरवर आणावा लागेल. पुढच्या आठवड्यातली वेळ देतो. तोपर्यंत कृपा करून उघडू नका."

"उघडायला दार तरी ठेवलंय का तुम्ही?"

मागच्या खुर्चीतून बाबांनी टाळी वाजवली. मी फोन आपटला आणि वैतागून म्हणाले, "जुना असता तर बाबांनी एका सकाळीत नीट केला असता." बोलले आणि विसरून गेले. बाबा विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सुधारलेली पानं दाखवायला रोपवाटिकेत गेले. संध्याकाळी परतले तर घरात सामसूम. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या अंगावर आंघोळीचा टॉवेल. शेजारी वर्तमानपत्र पसरून त्यावर ओळीनं मांडलेली हत्यारं: माझा केस वाळवायचा ड्रायर, फळं कापायची पातळ सुरी, माझं वाचनालयाचं कार्ड, आणि न्हाणीघरातल्या हुकाचा, भिंतीला चिकटणारा रबरी गोल. सगळं पुसून, लहान-मोठं लावून. बाबांनी हत्यारं कधीच विस्कटून टाकली नाहीत.

मी टॉवेल उचलला. खालच्या कोपऱ्यात काच तडकली होती, कोळ्यानं जाळं विणावं तशी. चालू केला तर चालू झाला, पण तेवढा कोपरा काळाठिक्कर.

खोटं कशाला बोलू, मला संताप आला. मनातल्या मनात मी एक भाषण तयार करायला घेतलं. पण भाषण ऐकायला बाबा घरात नव्हते. त्यांना फोन लावला तर तो त्यांच्याच उशीखाली वाजला.

"दुपारीच गेले," भूमितीच्या बाई म्हणाल्या. "हातात पिशवी होती. कुठं निघालात विचारलं, तर म्हणाले काच आणायला."

नवरा आला. आम्ही दोघं गॅलरीत उभे राहिलो. रस्त्यावरचे दिवे लागले तशी भाषणातली वाक्यं एकेक करून गळत गेली, आणि शेवटी एवढंच उरलं की बाबा नीट घरी येऊ देत. दिव्यांखालून बाबा येताना दिसले तेव्हा नवरा चपला न घालताच खाली धावला.

बाबा आत आले, खुर्चीत बसले. पायांवर सूज आली होती.

"सगळा बाजार फिरलो," ते म्हणाले. "आपल्या वेळच्या दुकानांत आता फोनची कव्हरं विकतात. एकानं ओळखलं मला. स्टूल दिलं, पाणी दिलं. पण तसली काच कुणाकडेच नाही." त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. "काच नाही मिळाली. संत्री मिळाली. रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मी पिशवी घेतली.

"सूनबाई, तुझं काम बुडवलं मी."

"गोड आहेत का?" मी विचारलं.

"चाखून नाही बघितली गं."

आम्ही तिघं बसून संत्री सोलू लागलो. आंबट होती. नवरा फोन काढून म्हणाला, "बाबा, इथं कितीतरी जणांनी लिहिलंय. उघडताना फुटतोच म्हणे."

"त्यात टीव्ही मेकॅनिक कुणी आहे?"

"नाही."

"मग?" बाबा म्हणाले, आणि हातातल्या फोडीच्या शिरा काढत राहिले.

सूचिपत्राची तारीख पुढे जाणार नव्हती. वरच्या कोपऱ्यात सावली, खालच्या कोपऱ्यात अंधार. मधे जो उजेड होता तेवढ्यात मी पानं सरकवत राहिले. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसू लागले. रोपवाटिकेनं पाठवलेले छापील फोटो त्यांच्या मांडीवर असायचे. "हा किरमिजी, लाल नव्हे. थोडा उतरव," असं ते सांगायचे आणि मी उतरवायची. दुपारी ते स्वतः चहा करून आणायचे. त्यात साखर इतकी असायची की ती माफीच होती. सूचिपत्र वेळेवर गेलं. मालकांनी फोन करून सांगितलं, आता फुलं घाबरत नाहीत.

सेंटरवर आम्ही तिघंही गेलो. नवऱ्यानं रजा टाकली, आणि जाताना वाटेत योजना मांडली.

"आपण सांगायचं, हातातून पडला."

"पडलेली काच अशी तडकत नाही," बाबा म्हणाले.

"त्यांना काय कळणार आहे?"

"मला कळतं ना."

यावर योजना संपली.

काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. तिनं कॉम्प्युटर आडवा ठेवला, कडेवरून नख फिरवलं, आणि सुरीच्या खुणांपाशी थांबली.

"हा कुणी उघडला?"

मागे खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"मी," मी म्हणाले. कसं म्हणाले मला ठाऊक नाही. तोंडातून निघून गेलं.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. व्हिडिओ बघून कुणी ऑपरेशन करतं का? त्या काचेवर सुरी चालवताना हात कसा धजावला तुमचा?"

ती आणखीही बरंच बोलली, आणि हॉलमध्ये आवाज छान घुमत होता. वजनकाट्यानंतर इतक्या लोकांसमोर माझी शोभा झाली नव्हती. मी मान खाली घालून उभी राहिले.

"तिनं नाही, मी उघडला," नवरा पुढे येऊन म्हणाला.

"दोघांनी मिळून?"

"छे! मी एकट्यानं. हिला स्क्रू आणि खिळा यातला फरक कळत नाही."

"मला चांगला कळतो!" मी म्हणाले.

"सांग मग."

"आत्ता? इथे?"

"तुम्ही आधी घरी ठरवून या," मुलगी म्हणाली.

"पोरी," मागून बाबांचा आवाज आला. ते सावकाश चालत काउंटरपाशी आले आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभे राहिले. "हे दोघंही खोटं बोलताहेत. याला आजवर फ्यूज बदलता आलेला नाही, आणि ही माझ्यावर माया करते म्हणून पुढे झाली. उघडला मी. रागवायचं तर मला रागव."

मुलीनं हातातलं पेन खाली ठेवलं. तिला रागवता येईना.

"आजोबा, पण मग वॉरंटी जाते."

"जाऊ दे. नाव माझं घाल. धंदा टीव्ही मेकॅनिक घाल."

"धंदा विचारत नाहीत इथे."

"विचारायला हवा," बाबा म्हणाले.

वॉरंटी गेलीच. खर्च ऐकून नवऱ्यानं पावतीवर सही करताना डोळे मिटून घेतले. पण काच तिथे शिल्लक होती आणि काम त्याच दिवशी होणार होतं. आम्ही निघणार तेवढ्यात बाबा परत वळले.

"पोरी, उघडतील तेव्हा मला बघता येईल का?"

"आत जायला बंदी आहे, आजोबा."

"आत नको. बाहेरून."

ती थोडा वेळ घुटमळली, मग आतल्या दारामागे गेली. परत आली आणि आम्हाला बाजूच्या बोळात घेऊन गेली. तिथे भिंतीत एक मोठी काच होती. पलीकडे डोक्याला टोपी घातलेली एक तरुण बाई आपलं चाकांचं टेबल ढकलत त्या काचेजवळ आणत होती, आमच्यासाठी. तिनं मान लववली. बाबांनीही लववली.

तिनं कडांना ऊब दिली, एक चिमुकलं चाक फटीतून गोल फिरवलं, रबरी गोल लावले, आणि पडदा अलगद उचलला. आवाज आम्हाला ऐकू आला नाही. बाबांनी कपाळ काचेला टेकवलं होतं. श्वासानं काच धुरकट झाली की ते बाहीनं पुसायचे आणि परत कपाळ टेकवायचे.

शेवटी मीच विचारलं, "काय दिसतंय, बाबा?"

"जागा," ते म्हणाले. "केवढी जागा आहे गं आत! आणि एक वायर वाकडी नाही. प्रत्येकीला नेमून दिलेली वाट." मग जरा वेळानं म्हणाले, "ज्यानं आखलं त्याचा हात चांगला आहे."

काम संपवून ती बाई टोपी काढून बाहेर आली तेव्हा दुपार उलटली होती. बाबा उठून उभे राहिले.

"चटके बसतात का गं?"

तिनं तर्जनी पुढे केली. टोकाशी ताजा, गुलाबी डाग होता. बाबांनी आपला तळवा तिच्यापुढे उघडला. त्यावरचे डाग केव्हाच पांढरे पडले होते.

"हा कशाचा?" तिनं सगळ्यात मोठ्या डागावर बोट ठेवलं.

"पोट असलेल्या टीव्हीचा."

"आमच्याकडे होता तसला, मी लहान असताना. त्याच्या मागे जायला आई ओरडायची."

"बरोबर ओरडायची," बाबा म्हणाले. आणि दोघंही हसली, जणू एकाच शाळेतली.

परतताना टॅक्सी केली. बाबा पुढे बसले आणि खोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मागे ठेवू म्हटलं तर ऐकेनात. टॅक्सीवाला बोलका होता. त्यानं खोक्यावरचं चित्र बघितलं आणि मान हलवली.

"हल्लीच्या वस्तूंचं हे असंच बघा, काका. दिसायला देखण्या. पण एकदा बिघडल्या की संपलं. उघडतच नाहीत."

मागच्या सीटवर आम्ही नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. महिनाभर घरात जे व्याख्यान आम्ही सकाळ-संध्याकाळ ऐकलं होतं ते आता सुरू होणार, आणि त्याला श्रोताही असा मनाजोगता मिळालेला. नवरा सावरून बसला.

"उघडतात," बाबा म्हणाले. "मी आत्ताच बघून आलो. माझ्या हातानं उघडत नाहीत, एवढंच."

टॅक्सीवाल्यानं गिअर बदलला. मी मागून हात पुढे नेऊन त्यांच्या खांद्यावर ठेवला. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण खांदाही हलवला नाही. पुढे रस्त्यात गतिरोधक होता. तो यायच्या आधीच त्यांनी दोन्ही तळवे खोक्याखाली सरकवले आणि ते मांडीवरून जरासं उचलून धरलं.